फंक ऐकायचं कुठून? पहिल्या मात्रेपासून

फंक या अमेरिकन नृत्यसंगीताची ओळख करून देणाऱ्या बहुतेक याद्या गायकांच्या नावांनी भरलेल्या असतात. त्यांचा उपयोग मर्यादित आहे, कारण फंकचं गाणं गायकाच्या चालीवर उभं राहत नाही. ड्रम, बेस गिटार आणि गिटार या तिघांनी आपापसांत जागा वाटून घेतलेल्या असतात आणि गाणं त्या वाटणीवर उभं असतं. गायक पुष्कळदा वरून चार शब्द टाकतो, ओरडतो आणि बाजूला होतो. म्हणून इथे आपण वादकांचा माग काढू.

आधी वाटणी कशी होते ते पाहू. एक आवर्तन चार मात्रांचं. प्रत्येक मात्रेत एकदा 'तकधिमि' म्हटलं की १६ खाने तयार होतात. यातला पहिला खाना सगळ्यांचा, तिथे सगळे एकत्र आणि जोरात. अमेरिकन वादक त्याला 'द वन' म्हणतात. आपल्याला सम कळते, त्यामुळे ही कल्पना नवी वाटणार नाही, पण एक फरक आहे. विलंबित किंवा मध्य लयीत गायक समेपासून लांब फिरून येऊ शकतो. फंकमध्ये मिनिटाला ११० मात्रांच्या गतीला ही 'सम' दर सव्वादोन सेकंदांनी येते, त्यामुळे फिरायला वेळच नसतो. सगळी गंमत उरलेल्या १५ खान्यांत होते: बेस कुठे थांबतो, त्या मोकळ्या जागेत गिटार कशी घुसते, ड्रमर स्नेअरवर, म्हणजे काठीने वाजवायच्या खरखरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर, हलकेच काय कुजबुजतो. दोन वाद्यं सतत एकाच खान्यात वाजू लागली की फंक संपला.

जेम्स ब्राउनचा कारखाना

सुरुवात १९६५ पासून धरता येते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गायक आणि बँडप्रमुख जेम्स ब्राउनच्या बँडने 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' ध्वनिमुद्रित केलं. त्याचा सांगाडा अजून ब्लूजचाच, म्हणजे १२ आवर्तनांत ठरावीक क्रमाने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलणारा आहे, पण जोर पहिल्या मात्रेकडे सरकलेला ऐकू येतो. तोवरच्या ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडायची. ब्राउनने ती काढली नाही. तिच्या आधी पहिल्या मात्रेचा खुंटा ठोकला.

खरी उडी 'कोल्ड स्वेट'ची, मे १९६७, सिनसिनाटीतला किंग स्टुडिओ. ब्राउनने हुंकारांतून दाखवलेल्या कल्पनेला सॅक्सोफोनवादक आल्फ्रेड 'पी वी' एलिसने आकार दिला. एलिस जॅझमधून आलेला, त्यामुळे हॉर्नच्या, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या, तुकड्यांत जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची सावली आहे. या गाण्यात ब्लूजचा सांगाडा गेला. मुख्य भाग एकाच कॉर्डवर बसून राहतो, मधला भाग दुसऱ्यावर जातो, आणि तेवढंच. स्वरांची हालचाल बंद झाल्यावर ऐकणाऱ्याचं लक्ष आपोआप लयीकडे वळतं. आता फक्त स्नेअर ऐका. ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड दुसऱ्या मात्रेवर नेहमीसारखा ठोका देतो, पण चौथ्या मात्रेवर जिथे तो अपेक्षित आहे तिथे देत नाही. तो अर्धी मात्रा उशिरा, म्हणजे 'तकधिमि'तल्या 'धि'वर पडतो. पायरी चुकल्यासारखं वाटतं आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर पाय पुन्हा जमिनीला लागतो. हे सारखं घडत राहतं, म्हणून नाचावंसं वाटतं.

याच बँडमधला गिटारवादक जिमी नोलन. त्याच्या वादनाला 'चिकन स्क्रॅच' म्हणतात. उजवा हात सोळाही खान्यांत न थांबता वर-खाली फिरतो. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकलेली असतात आणि दोन-तीन खान्यांपुरतीच दाबली जातात. त्यामुळे बाकी वेळ सूर नाही, फक्त खरखर येते. गिटार इथे जवळजवळ झांजेचं काम करते. शिकणाऱ्यांची चूक ठरलेली: मोकळ्या खान्यात उजवा हात थांबवतात, मग पुढचा स्ट्रोक नेमका बसत नाही. मिनिटाला ६० मात्रांवर आधी सोळाही स्ट्रोक मुके वाजवा. ते सारखे येऊ लागले की एकाच खान्यात तार दाबा आणि तो खाना दर आवर्तनाला एकाने पुढे सरकवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

ब्राउनची शिस्त कुप्रसिद्ध होती. सूर चुकला, बूट चमकत नसले की दंड. मार्च १९७० मध्ये पैशांवरून बँडने संपाची धमकी दिली, तेव्हा त्याने सिनसिनाटीतल्या 'पेसमेकर्स' या पोरसवदा बँडला विमानाने जॉर्जियातल्या कोलंबसला आणवलं आणि त्याच रात्री मंचावर उभं केलं. त्यात १८ वर्षांचा बेसवादक बूट्सी कॉलिन्स आणि त्याचा मोठा भाऊ, गिटारवादक कॅटफिश होते. बूट्सीला भरपूर वाजवायची हौस. ब्राउनने त्याला एवढंच शिकवलं की पहिली मात्रा मला दे, मग मधे काय हवं ते कर. एप्रिलमधलं 'सेक्स मशीन' या नव्या बँडचं आहे. सुरुवातीचे काही ठोके सोडले तर त्यात हॉर्न जवळपास नाहीतच. ड्रमवर जॉन 'जॅबो' स्टार्क्स. स्टबलफील्डच्या तुलनेत त्याचं वाजवणं साधं, सरळ आणि जास्त घट्ट. दोघांची तुलना करून ऐकावी. माझं मत विचाराल तर नाचायला स्टार्क्स, ऐकायला स्टबलफील्ड.

अंगठ्याचा शोध आणि स्लायचं कुटुंब

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लॅरी ग्रॅहम आपल्या आईसोबत क्लबमध्ये वाजवत असे. आई पियानोवर, हा बेसवर, आणि ड्रमर नाही. ड्रमची उणीव भरायला त्याने अंगठ्याने जाड तारेवर ठोका द्यायला सुरुवात केली, तो झाला किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, आवाज. बारीक तार बोटाने ओढून सोडली की ती फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते, ती झाली स्नेअर. स्लॅप बेस असा गरजेतून आला.

तंत्र थोडक्यात असं. अंगठा फ्रेटबोर्ड संपतो त्या टोकाशी, शेवटच्या फ्रेटवर मारायचा आणि लगेच उसळू द्यायचा. मनगट फिरतं, कोपर नाही. पहिल्या बोटाचं फक्त टोक तारेखाली जाईल. बोट खोल घुसलं तर उशीर होतो आणि आवाजही फाटतो. डाव्या हाताने न वाजणाऱ्या तारा दाबून गप्प ठेवायच्या. नवशिक्यांचा स्लॅप गोंगाटासारखा वाटतो तो मुख्यतः याच ढिलाईमुळे, अंगठ्यामुळे नाही.

ग्रॅहम १९६६ च्या सुमारास स्थापन झालेल्या 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'मध्ये आला. स्लाय, म्हणजे सिल्व्हेस्टर स्टुअर्ट, रेडिओवर निवेदक होता आणि ध्वनिमुद्रणातला जाणकार. त्याच्या बँडमध्ये काळे-गोरे, बाया-पुरुष एकत्र होते. ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन, ड्रमवर ग्रेग एरिको. त्या काळातल्या अमेरिकेत असा मंच दुर्मीळ. डिसेंबर १९६९ मधल्या 'थँक यू' या गाण्यात ग्रॅहमचा अंगठा पहिल्यांदा साऱ्या देशाला ऐकू गेला.

त्यानंतरचा १९७१ चा 'देअर्स अ रायट गोइन ऑन' हा अल्बम पहिल्या ऐकण्यात बिघडलेला वाटू शकतो. आवाज दबलेला, धुरकट. स्लायने त्याच टेपवर पुन्हा पुन्हा मुद्रण करून ती झिजवली आणि कित्येक ठिकाणी ड्रमरच्या जागी ऱ्हिदम मशीन वापरलं. 'फॅमिली अफेअर'मधला टिकटिक ठेका त्या यंत्राचाच. वर माणसं वाजवत आहेत आणि खाली यंत्र डुगडुगतं आहे, हा ताण पुढे हिप-हॉपला फार उपयोगी पडला. स्लायचं निधन जून २०२५ मध्ये झालं.

न्यू ऑर्लिन्सचे चौघे

'द मीटर्स'ला बाहेर फार प्रसिद्धी मिळाली नाही, पण ड्रमर मंडळींत हे नाव आदराने घेतलं जातं. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेंटेली, बेसवर जॉर्ज पोर्टर ज्युनिअर आणि ड्रमवर झिगाबू मॉडलिस्ट. १९६९ चं 'सिसी स्ट्रट' तीन मिनिटांचं आहे, शब्द नाहीत. गिटार आणि बेस एकच तुकडा एकत्र वाजवतात, थांबतात, आणि ती शांतता मॉडलिस्ट भरतो.

त्याच्या हाताचं मूळ शहराच्या मिरवणुकांत आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये वाद्यवृंदाच्या मागे नाचत चालणाऱ्या गर्दीला 'सेकंड लाइन' म्हणतात. त्या ठेक्यात खाने बरोबर समान नसतात आणि पूर्ण झुलतेही नसतात, दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतात. कागदावर हे लिहिता येत नाही. संगणकावर 'सिसी स्ट्रट' सोळा खान्यांत चोख बसवलं की ते कवायतीसारखं वाटतं, ते यामुळेच. मीटर्सचा निर्माता ॲलन तुसाँ याने याच चौघांना इतर कलाकारांच्या मागेही बसवलं. १९७३ मधलं गायक-पियानोवादक डॉ. जॉनचं 'राइट प्लेस राँग टाइम' त्यांच्याच हातचं.

एक कंपू, दोन नावं

जॉर्ज क्लिंटन न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डमध्ये केशकर्तनालयात काम करायचा आणि तिथेच त्याचा 'पार्लमेंट्स' हा गायकांचा गट तालीम करायचा. १९६७ मध्ये एक गाणं चाललं, पण रेकॉर्ड कंपनीच्या भांडणात गटाचं नावच अडकलं. क्लिंटनने मागच्या वादकांना 'फंकडेलिक' या नव्या नावाने करारबद्ध केलं आणि गायक पाहुणे म्हणून आणले. पुढे जुनं नाव सुटल्यावर ते 'पार्लमेंट' म्हणून वापरलं. त्यामुळे सत्तरच्या दशकात माणसं बहुतेक तीच, कंपन्या दोन. ढोबळ खूण अशी: गिटार रॉकसारखी पेटलेली असेल तर फंकडेलिक, हॉर्न आणि अंतराळाच्या गप्पा असतील तर पार्लमेंट. फंकडेलिकची टोकाची बाजू ऐकायची तर १९७१ चं 'मॅगट ब्रेन', म्हणजे एडी हेझलची दहा मिनिटांची एकट्याची गिटार. त्यात फंक जवळजवळ नाही, तरी चुकवू नका.

बूट्सी ब्राउनकडून निघून १९७२ मध्ये इकडे आला. सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर आणि ट्रॉम्बोनवादक फ्रेड वेस्लीही काही वर्षांनी आले. म्हणजे ब्राउनच्या कारखान्यातली शिस्त क्लिंटनच्या जत्रेत दाखल झाली, आणि १९७५ च्या 'मदरशिप कनेक्शन'मध्ये हे मिश्रण सर्वांत नेमकं जमलं. त्यानंतरच्या दौऱ्यात मंचावर खरोखर एक अंतराळयान उतरायचं. त्याची पुढे बांधलेली प्रतिकृती आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या कंपूतलं सर्वांत दूरगामी काम मात्र कीबोर्डवादक बर्नी वॉरेलचं. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला हा माणूस. १९७७ च्या अल्बममधल्या 'फ्लॅश लाइट'मध्ये बेस गिटारऐवजी त्याने मिनीमूग सिंथेसायझरवर बेस वाजवला. तार छेडल्यावर सूर लगेच विरू लागतो, सिंथेसायझरवर तो हवा तेवढा जाड राहतो आणि घसरत पुढच्या सुरावर जातो. ऐंशीच्या दशकातल्या नृत्यसंगीताचा बेस पुष्कळसा इथून निघतो.

बाकीचे, भराभर

हॉर्नसाठी ओकलंडचा 'टॉवर ऑफ पॉवर'. पाच जणांचा हॉर्न विभाग, खाली बॅरिटोन सॅक्सोफोन. त्यांच्या १९७३ च्या 'व्हॉट इज हिप?'मध्ये रोको प्रेस्टिया बेसवर जवळपास सगळे सोळा खाने वाजवतो. मोकळी जागा ठेवा या नियमाला हा अपवाद कसा चालतो? डाव्या हाताने तो प्रत्येक सूर इतका आखूड तोडतो की दोन सुरांमध्ये फट राहतेच.

स्टीव्ही वंडरच्या 'सुपरस्टिशन'मधलं (१९७२) ते चावरं वाद्य म्हणजे क्लॅव्हिनेट, होनर या जर्मन कंपनीचं. कळ दाबली की रबराचं टोक तारेला धातूवर दाबतं आणि गिटारसारखा पिकअप आवाज उचलतो, म्हणून ते कीबोर्ड असूनही गिटारसारखं बोलतं. ड्रमही वंडरनेच वाजवले आहेत. जॅझकडून आलेल्या हर्बी हँकॉकने 'हेड हंटर्स'मध्ये (१९७३) 'कमेलियन'ची सुप्रसिद्ध बेसओळ एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर वाजवली.

ओहायोतलं डेटन हे मध्यम आकाराचं कारखान्यांचं शहर, आणि तिथून ओहायो प्लेयर्स, स्लेव्ह, लेकसाइड असे बँड एकामागोमाग आले. शेजारच्या हॅमिल्टनच्या रॉजर ट्राउटमनने 'झॅप'मध्ये टॉक बॉक्स लोकप्रिय केला. यात कीबोर्डचा आवाज प्लास्टिकच्या नळीतून तोंडात सोडतात, ओठ-जीभ हलवून त्याला शब्दांचा आकार देतात आणि समोरचा मायक्रोफोन तो पकडतो. नळी फार आत गेली तर व्यंजनं फुटत नाहीत, फार बाहेर राहिली तर आवाज कमी पडतो.

बायकांची नावं या इतिहासात मागे राहतात. ब्राउनच्या परिवारातल्या लिन कॉलिन्सचं १९७२ चं 'थिंक' आणि बेटी डेव्हिसचे १९७३ व १९७४ चे दोन अल्बम तरी ऐकाच. बेटीचा आवाज गोड नाही, तिला तो गोड करायचाही नव्हता. पहिल्या अल्बमचा निर्माता स्लायचाच जुना ड्रमर ग्रेग एरिको आहे, आणि ते कळतं. 'रूफस' या बँडमधली चाका खान ही याच काळातली सगळ्यांत ताकदीची गायिका.

आणि एक गैरसमज. गिटारच्या सुराला 'वा-वा' असा आकार देणारं वा-वा पेडल म्हणजे फंक नव्हे. पोलीसपटांच्या पार्श्वसंगीतामुळे आणि सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटसंगीतामुळेही तो आवाज आपल्या कानात बसला आहे. पण पहिली मात्रा ढिली असेल तर पेडल काही वाचवत नाही.

ठोका कोणाचा, पैसे कोणाचे

२० नोव्हेंबर १९६९ रोजी ब्राउनच्या बँडने 'फंकी ड्रमर' मुद्रित केलं. शेवटाकडे ब्राउन बाकीच्यांना थांबवतो आणि स्टबलफील्ड आठ आवर्तनं एकटा वाजवतो, जेमतेम वीस सेकंद. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) सोळा खान्यांत, स्नेअरच्या मुख्य ठोक्यांमध्ये अगदी हलके, जवळपास न ऐकू येणारे ठोके. ऐंशीच्या दशकात जुन्या मुद्रणाचा तुकडा उचलून पुन्हा वाजवणारे सँपलर आले आणि हे वीस सेकंद हिप-हॉपमध्ये शेकडो गाण्यांचा पाया झाले. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या १९८९ च्या 'फाइट द पॉवर'मध्येही ते आहेत. स्टबलफील्डला या वापराचं मानधन मिळालं नाही. कारण साधं आहे: हक्क गीत-संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा. ड्रमर दोन्ही नव्हता. रोजावर वाजवून घरी गेला.

याउलट शुगरहिल गँग या रॅप गटाने १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट'साठी शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची बेसओळ पुन्हा वाजवून घेतली, तेव्हा शीकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याची भाषा केली आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव मिळवलं. एडवर्ड्स बेसवादक होता, पण रचनेवर त्याचं नाव होतं. फरक तेवढाच.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने फंकडेलिकच्या गाण्यातून उचललेल्या साधारण दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यावर निकाल दिला. तो खालच्या पट्टीत आणून एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या गाण्यात वापरला होता. मूळ मुद्रणातला कितीही छोटा तुकडा घेतला तरी परवाना हवा, असं न्यायालय म्हणालं. दावा ब्रिजपोर्ट म्युझिक आणि वेस्टबाउंड रेकॉर्ड्स या हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांचा होता, वाजवणाऱ्यांचा नव्हे.

बँडने वाजवून पाहताना

चार-पाच जण जमून फंक वाजवायला घेतात तेव्हा पहिली अडचण कौशल्याची नसते. सगळे एकाच वेळी फार वाजवतात, ही असते. एक कॉर्ड घ्या, गती ९५ ते १०५. आधी ड्रमरने किक आणि स्नेअर एवढंच धरावं. बेसने पहिल्या मात्रेवर एक सूर, दुसरी मात्रा पूर्ण मोकळी. दोन मिनिटं हे स्थिर राहिलं की गिटारने मोकळ्या जागेत फक्त दोन ठोके शोधावेत. कीबोर्डवाल्याने डावा हात खिशात ठेवावा. तो हात बेसच्या पट्टीत शिरतो आणि सगळं गढूळ होतं. ड्रमरचे हलके ठोके मुख्य ठोक्याइतके मोठे येत असतील तर काठी चामड्यापासून दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा वर उचलू नये.

मग फोनवरच्या मेट्रोनोममध्ये (ठरलेल्या गतीने टिकटिक देणाऱ्या यंत्रात) बाकीच्या मात्रा बंद करून फक्त पहिली चालू ठेवा. ११२ च्या गतीला तो मिनिटाला २८ वेळा वाजेल. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला बँड मेट्रोनोमच्या पुढे गेला तर चूक बहुधा वाजवलेल्या खान्यांत नसते. मोकळे खाने कोणीतरी घाईने ओलांडत असतो. ज्याच्याकडे सर्वांत जास्त मोकळी जागा आहे त्याच्यापासून तपासायला सुरुवात करा, आणि त्याला वाजवताना तोंडाने 'तकधिमि' चालू ठेवायला सांगा.